तुरुंगातून सुटलेल्यांचं कोर्ट – एक गुरुवार, फिलाडेल्फिया

वसुधा_प

मी फिलाडेल्फियाच्या एका उपनगरात राहते. फेब्रुवारी-मार्चमधल्या शनिवारी सकाळी आम्ही सात-आठ जण एका वाचनालयात बसून कमी उत्पन्नाच्या लोकांची कर-विवरणपत्रं फुकट भरून देतो. दोन लांब टेबलं, एक कुरकुरणारा प्रिंटर, पिचपिचीत कॉफी. गेल्या वर्षी एक गृहस्थ समोर येऊन बसले. पन्नाशीचे असतील. प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून त्यांनी एकच कागद काढला, डब्ल्यू-टू, म्हणजे आपल्या फॉर्म सोळाचा इथला चुलतभाऊ. कागद माझ्याकडे सरकवला, पण त्यावरचं बोट काही उचललं नाही. म्हणाले, "हा मला परत मिळेल ना? चौदा वर्षांनी पहिला आहे."

कुठे होतात, असं मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, तुरुंगात. मग रिफंड कधी येईल वगैरे बोलणं झाल्यावर म्हणाले, "पुढच्या गुरुवारी मी कोर्टात आहे, त्यामुळे फोन लागणार नाही." माझा चेहरा पडला असणार, कारण ते हसले. "नाही नाही, हे चांगलं कोर्ट आहे. कुणीही येऊन बसू शकतं. या बघायला."

मी गेले. रजा टाकून. (घरच्यांनी वेड्यात काढलं, ते वेगळं.)

मार्केट स्ट्रीट आणि सहावा रस्ता मिळतात तिथे फेडरल (म्हणजे राज्याच्या नव्हे, केंद्राच्या) न्यायालयाची इमारत आहे. समोर ती प्रसिद्ध तडा गेलेली लिबर्टी बेल, तिच्यासाठी पर्यटकांची रांग. इकडे कोर्टात जायची रांग अगदीच छोटी. जे चालतं त्याचं नाव 'सुपरव्हिजन टू एड रीएन्ट्री', थोडक्यात 'स्टार'. २००७ साली सुरू झालं. एका वेळी पंधरा-वीसच माणसं असतात, आणि ती आपणहून आलेली असतात.

आधी थोडी पार्श्वभूमी, नाहीतर मजा कळणार नाही. अमेरिकेत फेडरल गुन्ह्यांसाठी पॅरोल बंद झाला. कायदा १९८४ चा, लागू १ नोव्हेंबर १९८७ पासूनच्या गुन्ह्यांना. त्याऐवजी शिक्षेला एक शेपूट जोडतात: तुरुंग संपला की पुढची काही वर्षं देखरेखीखाली. लघवीच्या तपासण्या, नोकरी दाखवायची, परवानगीशिवाय जिल्हा सोडायचा नाही. मोडलं की न्यायाधीशासमोर, आणि बहुतेकदा पुन्हा आत. म्हणजे नेहमीच्या पद्धतीत न्यायाधीश या माणसाला दोनदाच बघतो, शिक्षा देताना आणि त्याने काहीतरी बिघडवल्यावर.

या कोर्टात न्यायाधीश त्याला एक आड एक आठवडा बघतो, काहीही बिघडलेलं नसताना. बस. एवढाच फरक आहे, आणि मला विचाराल तर सगळं त्यातच आहे. ५२ आठवडे यशस्वीपणे काढले की देखरेखीचं एक वर्ष कमी होतं.

सुनावणी म्हणावी असं काही वाटलंच नाही. सरकारी वकील, आरोपींचे वकील, देखरेख ठेवणारे प्रोबेशन अधिकारी, सगळे एका बाजूला. एरवी हे एकमेकांच्या समोरासमोर असतात. मागच्या बाकावर कायद्याचे विद्यार्थी, मांडीवर फायली. एकेकाचं नाव पुकारलं की तो पुढे जाऊन मायक्रोफोनपाशी उभा राहतो. न्यायाधीशांचा पहिला प्रश्न एका पोराला होता, "आईच्या गुडघ्याचं काय झालं?" तो पोरगा इतका गडबडला की आधी "हो" म्हणाला, मग "नाही", मग "ती चालतेय."

दुसऱ्या एकाच्या तपासणीत अमली पदार्थ सापडला होता. मला वाटलं, आता बेड्या. न्यायाधीशांनी आवाज चढवला नाही. विचारलं, "शनिवारी कुणाबरोबर होतास?" तो गप्प. बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाला, "भावाबरोबर." कोर्टात कुणीच काही बोललं नाही. त्याला आठवडाभर रोज हजेरी लावायची आणि या शनिवारबद्दल एक पान लिहून पुढच्या वेळी वाचून दाखवायचं, एवढं झालं. पण "पुढच्या वेळी काही दिवस आत जावं लागेल" हेही त्याच सुरात सांगितलं, आणि त्यात गंमत नव्हती.

आमचे गृहस्थ (त्यांना जे. म्हणू) उभे राहिले तेव्हा विषय होता लायसन्स. ते गोदामात रात्रपाळी करतात. पाळी सुटते पहाटे तीनला, तेव्हा तिकडून बस नसते. आणि लायसन्स मिळत नाही, कारण तुरुंगात जायच्या आधीच्या, म्हणजे पंधरा-सोळा वर्षांपूर्वीच्या वाहतूक चलनांची थकबाकी साचत साचत साडेचार हजार डॉलरवर गेली होती. मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उठली. तिने ती चलनं एकेक करून काढली होती, निम्मी रद्द करून घेतली होती, उरलेल्यांचा महिना पन्नास डॉलरचा हप्ता बांधून आणला होता. न्यायाधीशांनी तिला विचारलं, "पहिला हप्ता कधी?" जे.नी पावती काढली. त्याच प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरकारी वकिलानेसुद्धा.

मला प्रश्न पडला तो असा की आपल्याकडे याच्या जवळपासचं काय आहे? जाणकारांनी लिहावं.

---

झुळूक

वाचतेय. त्या "भावाबरोबर"ला थांबले जरा. अजून लिही.

---

लोहारआळी

लेखन छान आहे वसुधाताई. पण दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका.

तालुक्याच्या गावी माझं मोबाईलचं दुकान. सात वर्षांपूर्वी शटर वाकवून माल नेला. दोन लाख साठ हजारांचा. त्यातला निम्मा सापडला, तो मुद्देमाल म्हणून जमा झाला, आणि मी सुपूर्तनाम्यासाठी (माल परत ताब्यात मिळावा म्हणून) हेलपाटे घालत बसलो. हातात पडला तेव्हा ते मॉडेल कुणी फुकट घेईना. चोरणारा अकरा महिन्यांत बाहेर. आता माझ्या दुकानासमोर वडापावची गाडी लावतो.

त्याच्या आईचा गुडघा विचारायला न्यायाधीश. माझ्या बापाला त्या रात्रीनंतर बीपीची गोळी सुरू झाली ती आजतागायत चालू आहे, ते कोण विचारतंय?

---

बारा_गावचं_पाणी

@लोहारआळी, मुद्दा बरोबर आहे.
जाता जाता, वडापाव कसा आहे?

---

लोहारआळी

खाल्ला नाही. लोक म्हणतात बरा असतो.

---

जुना_वकील

वसुधाताईंच्या प्रश्नाचं उत्तर देतो. सदतीस वर्षं जिल्हा न्यायालयात काढली, त्यातली बरीचशी फौजदारीत, तेव्हा थोडं लांबेल.

प्रथम शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडे वर्तमानपत्रात 'पॅरोलवर सुटला' वाचतो ते इथे चर्चेत आहे ते नव्हे. आपला पॅरोल म्हणजे अभिवचन रजा आणि फर्लो म्हणजे संचित रजा. दोन्ही रजाच. १९५९ पासून त्यांचे नियम आहेत. माणूस जातो, लग्न-मयत-आजारपण उरकतो, परत येतो. शिक्षा संपलेली नसते. आणि शिक्षा पूर्ण भोगून सिद्धदोष बंदी (दोषी ठरलेला कैदी) बाहेर पडला की कोर्टाचा आणि त्याचा संबंध संपला. ज्या न्यायाधीशाने शिक्षा दिली त्याला तो माणूस जिवंत आहे की नाही हेही कळण्याची सोय नाही.

मात्र न्यायालयाच्या देखरेखीची कल्पना आपल्याला नवीन नाही. मुंबई प्रांतात १९३८ साली प्रोबेशनचा कायदा झाला होता. पुढे केंद्राचा १९५८ चा अपराधी परिविक्षा अधिनियम आला. कलम ४ असं सांगतं की गुन्हा फाशी किंवा जन्मठेपेचा नसेल, तर न्यायालय शिक्षा न सुनावता, चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर आरोपीला सोडू शकतं, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी, आणि परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवू शकतं. आरोपी एकवीसच्या आतला असेल तर कलम ६ न्यायाधीशाला उलट प्रश्न विचारतं: याला तुरुंगात का पाठवताय, कारणं लिहा.

म्हणजे वसुधाताईंच्या गावी हे दार तुरुंगातून बाहेर पडताना आहे. आपल्याकडे ते आत जाण्याच्या आधी आहे. आमचं दार जास्त शहाणपणाचं, असं मी म्हणेन. फक्त ते उघडायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. माझ्या अनुभवात दहा वकिलांतले आठ जण शिक्षेच्या मुद्द्यावर "गरीब आहे, लहान मुलं आहेत, दया करावी" एवढं बोलून खाली बसतात. परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवा, असा अर्ज देत नाहीत.

आणि कलम १४ वाचा. परिविक्षा अधिकाऱ्याच्या कर्तव्यांत, गरज पडेल तिथे माणसाला योग्य काम मिळवून देण्याचा प्रयत्न करणं हेही लिहिलेलं आहे. १९५८ साली! फिलाडेल्फियाच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी. कायदा सुंदर आहे हो. बंधपत्राची अट पहिल्यांदा मोडली तर न्यायालय पन्नास रुपयांपर्यंत दंड करून ते चालू ठेवू शकतं, हा आकडाही तेव्हाचाच. कुणी हात लावलेला नाही, त्यावरून कायदा किती वापरात असेल ते समजा.

---

आकडेमोड

धागा भावनिक होत चाललाय म्हणून थोडं थंड पाणी.

अमेरिकेत ३० राज्यांतून २००५ मध्ये सुटलेल्या साधारण चार लाख कैद्यांचा सरकारी अभ्यास आहे. तीन वर्षांत ६७.८ टक्के, पाच वर्षांत ७६.६ टक्के पुन्हा अटक झाले. (अटक म्हणजे दोषी ठरणं नव्हे, हेही खरं.) प्रश्न एवढा मोठा आहे म्हणूनच हे प्रयोग निघाले. १९८९ साली मायामीत व्यसनी आरोपींसाठीचं पहिलं ड्रग कोर्ट, त्याचं बघून २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये सुटलेल्यांचं कोर्ट, मग ओरेगन, मॅसॅच्युसेट्स, फिलाडेल्फिया. २००८ मध्ये धाकट्या बुशनी 'सेकंड चान्स' कायद्यावर सही केली आणि पैसाही आला.

आता कडू गोळी. ही कोर्टं चालतात का? फेडरल ज्युडिशियल सेंटरने (फेडरल न्यायालयांची संशोधन संस्था) काही जिल्ह्यांत रीतसर प्रयोग केला. कोण कुठे जाणार ते नशिबावर सोडलं. एका गटाला न्यायाधीश, दुसऱ्याला तेच सगळं पण न्यायाधीशाशिवाय, तिसऱ्याला नेहमीची देखरेख. २०१६ च्या अहवालात दोन वर्षांनंतर तिन्ही गटांत दखल घ्यावी असा फरक नव्हता.

आणि तुम्हीच लिहिलंय की माणसं आपणहून येतात. जो आपणहून येतो तो निम्मा सुधारलेलाच असतो. त्याला टाळ्या वाजवून कोर्टाने श्रेय घ्यायचं, हे म्हणजे हुशार मुलं निवडून प्रवेश द्यायचा आणि मग निकाल शंभर टक्के म्हणून फलक लावायचा. हे माझं वैयक्तिक मत.

---

वसुधा_प

@आकडेमोड, त्या अहवालाबद्दल मला त्या विद्यार्थिनीनेच सांगितलं होतं, तेव्हा कडू गोळी आधीच गिळलेली आहे. :) तुमचं म्हणणं मी खोडत नाही. न्यायाधीश गोड बोलल्याने माणूस बदलतो असा माझा दावाही नाही.

पण मी त्या दिवशी दोन तास बसले. चौदा जण पुढे आले. अमली पदार्थांबद्दल बोलणं झालं दोघांशी. बाकी सगळा वेळ गेला तो लायसन्स, मुलांच्या पोटगीची थकबाकी, ओळखपत्रावरची चुकलेली जन्मतारीख, घरमालकाने नाकारलेला अर्ज, यात. हे न्यायाधीशासमोर मांडलं की निकालात निघतं, कारण त्यांनी "पुढच्या वेळी काय झालं ते सांगा" असं म्हटलेलं असतं, आणि ते आरोपीलाच नाही, तर वकिलाला आणि अधिकाऱ्यालाही म्हटलेलं असतं. तारीख पडलेली असते. आपल्याकडे 'तारीख पे तारीख' ही शिवी आहे. तिथे ती तारीखच कामाची होती.

पेनसिल्व्हेनियात २०१९ पर्यंत असाही नियम होता की अमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा झाली, तर गाडीशी काडीचाही संबंध नसला तरी लायसन्स निलंबित. नोकरी कर म्हणायचं आणि नोकरीवर जायचं वाहन काढून घ्यायचं. फिलाडेल्फिया शहराने २०११ मध्ये नोकरीच्या अर्जावरची 'शिक्षा झाली होती का?' ही चौकट काढायला लावली, म्हणजे निदान पहिल्याच पानावर अर्ज कचऱ्यात जात नाही. असे अडथळे एकेक करून हटवले की पुन्हा अटक होण्याचा टक्का किती खाली येतो, ते तुम्ही सांगा. माझे आकडे कर-विवरणपत्रांपलीकडे जात नाहीत.

@लोहारआळी, राग कसला? तुमच्या वडिलांची गोळी मी पण विसरणार नाही. इथे एक गोष्ट आहे, ती तुम्हाला आवडेल असं वाटतं. १९९६ चा कायदा आहे, त्यानुसार बऱ्याच गुन्ह्यांत पीडिताची नुकसानभरपाई शिक्षेतच लिहावी लागते. ती पगारातून हप्त्याने कापली जाते. त्या दिवशी एकाचा संपूर्ण वेळ त्यावरच गेला, कारण नोकरी बदलल्यामुळे दोन हप्ते चुकले होते. न्यायाधीश तिथे अजिबात गोड नव्हते.

---

लोहारआळी

हे पटलं. आमच्या इथला समोरचा महिना हजार रुपये जरी देत असता तरी सात वर्षांत चौऱ्याऐंशी हजार झाले असते. पण त्याला तसं सांगणारं कुणी नाही आणि मला मागणारं तोंड नाही.

---

आटपाडीकर

आमच्या गावाचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून मीच घेतो.

आटपाडीजवळ (जि. सांगली) स्वतंत्रपूर आहे. कैद्यांची खुली वसाहत. औंध संस्थानच्या काळातली, स्वातंत्र्याच्या आधीची. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि त्यांच्याकडे येऊन राहिलेले पोलंडचे एक इंजिनिअर, मॉरिस फ्रीडमन, यांचं डोकं. भिंत नाही, तार नाही. चांगली वागणूक असलेले जन्मठेपेचे कैदी बायकापोरांसह राहतात, शेती करतात.

लहानपणी आम्ही बाजारात त्यांच्याकडची भाजी घ्यायचो. आजी म्हणायची, "स्वतंत्रपूरची मेथी आण, ती माती धुऊन देतात." खून करून आलेला माणूस मेथीची जुडी पाण्यात बुडवून, झटकून, वर एक मिरची टाकून देतोय, यात आम्हाला काही विशेष वाटायचंच नाही. माझ्या वर्गात तिथली दोन पोरं होती. एकाचा बाप कबड्डीच्या सामन्याला यायचा, पण संध्याकाळच्या हजेरीच्या आत पळायचा. सामना रंगात आला की आम्ही मुद्दाम घड्याळ लपवायचो. आता आठवलं की लाज वाटते.

हे कोर्टाचं नाही, तुरुंग खात्याचं आहे, मान्य. पण 'समाजात परत येणं' म्हणजे काय ते मी त्या मेथीच्या ढिगापाशी बघितलंय. तिथे समाजाला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. भाजी स्वस्त होती, एवढंच.

---

झुळूक

"माती धुऊन देतात" _/\_

---

खिडकी_नंबर_दोन

बरेच दिवस नुसती वाचत होते. मी मुंबई-ठाण्याकडच्या तुरुंगांत समाजकार्य करते. संस्थेचं नाव लिहीत नाही. या क्षेत्रात जुनं नाव म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प, १९९० पासून. आम्ही सगळे त्यांच्या बोटाला धरून शिकलो.

वकीलकाकांनी सिद्धदोष बंदींबद्दल लिहिलं. पण आकडा बघा: २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांतले ७५.८ टक्के लोक न्यायाधीन बंदी होते. म्हणजे ज्यांना शिक्षा झालेलीच नाही असे. त्यांच्यासाठी ना परिविक्षा, ना अनुरक्षण (सुटल्यानंतरची मदत), ना शिक्षेतल्या माफीचे दिवस. जामीन झाला की बाहेर. मग तारखा. नवीन नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४७९ आलंय, पहिल्यांदाच अडकलेल्याने संभाव्य शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडायचं. चांगलं आहे. सुटून जाणार कुठे, ते कलमात नाही.

एक प्रसंग सांगते. बाईंची सुटका, जामिनावर, तीन वर्षांनी. कागद पोचून, नोंदी होऊन, बाहेर यायला संध्याकाळचे सात. हातात कापडी पिशवी. त्यात दोन साड्या, एक स्टीलचा डबा आणि आत असताना विणलेला लोकरीचा टोप, मुलासाठी. मूल आत होतं तिच्याबरोबर, सहा वर्षांचं झाल्यावर बाहेर द्यावं लागलं, नियमच आहे तो. टोप तेव्हाच्या मापाचा होता.

घ्यायला कुणी नव्हतं. पुरुष सुटतो तेव्हा गेटवर कुणीतरी असतं, निदान आई असते. बाई सुटते तेव्हा बऱ्याचदा फक्त आम्ही असतो. तिने मला विचारलं, "ताई, रस्ता कुठून ओलांडायचा?" तीन वर्षांत तिथे दुभाजक झाला होता.

दुसऱ्या दिवसापासून कागद. रेशनकार्डावरून नाव कमी झालेलं. आधारला जोडलेला मोबाईल नंबर नवऱ्याचा, आणि नवरा दुसरा संसार करून बसलेला, ओटीपी देईना. बँक खातं निष्क्रिय. घरकामाला ठेवणाऱ्या बाई पोलिसांचा दाखला मागतात. वसुधाताई, तुमच्या कोर्टातल्या त्या विद्यार्थिनीसारखी एक जण मला द्या, न्यायाधीश नंतर बघू.

सगळं काळं नाही. येरवड्यात २०२२ पासून राज्य सहकारी बँकेची 'जिव्हाळा' नावाची कर्ज योजना आहे, बंदींना ५० हजारांपर्यंत, ७ टक्के व्याजाने, आत केलेल्या कामाच्या मजुरीतून फेड. पोरांची फी, घराचं छप्पर, वकिलाचे पैसे. माणूस आत असताना बाहेरचं घर उभं राहिलं तर तो परत येतो तेव्हा यायला घर असतं. मला विचाराल तर पुनर्वसन सुटकेच्या दिवशी सुरू होत नाही, अटकेच्या दिवशी सुरू व्हायला हवं.

---

माळावरचा

मी पारधी समाजातला. पहिला पोरगा बी.ए. झालेला आमच्या वस्तीवरचा.

तुम्ही सगळे 'सुटल्यावर'चं बोलताय. इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून आम्हाला जन्मतः गुन्हेगार ठरवलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला, म्हणून आम्हाला 'विमुक्त' म्हणतात. म्हणजे आमच्या अख्ख्या जमातीच्या नावातच सुटका आहे. त्यानंतर १९५९ ला सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. तालुक्यात कुठे घरफोडी झाली की पहिली गाडी वस्तीवर. माझ्या चुलत्याला एकदाही शिक्षा झालेली नाही आणि तो अकरा वेळा आत जाऊन आलाय.

त्याच्यासाठी कुठलं कोर्ट?

---

जुना_वकील

@माळावरचा, याला माझ्याकडे उत्तर नाही. निर्दोष सुटलेल्या माणसाचं पुनर्वसन हे प्रकरण आपल्या कुठल्याच अधिनियमात नाही.

---

आकडेमोड

@खिडकी_नंबर_दोन, टोपाचं वाचून थांबलो. माझ्या मुद्द्यात थोडी दुरुस्ती करतो. त्या अभ्यासात मोजलं काय गेलं, तर पुन्हा पकडला गेला का. रेशनकार्डावर नाव परत चढलं का, हे कुणी मोजत नाही. मोजायला हवं, असं आता वाटतंय. अभ्यासाच्या निष्कर्षावर मात्र ठाम आहे.

---

नवा_गडी

नमस्कार. हा धागा वाचून आयडी काढला. सल्ला हवा आहे.

माझ्या मामेभावावर तो वीस वर्षांचा असताना कॉलेजच्या गणपतीतल्या मारामारीची केस झाली, भादंवि ३२४ (घातक वस्तूने दुखापत). तेवीस दिवस आत होता. नंतर कोर्टाने दोषी धरलं, पण शिक्षा न देता दोन वर्षांच्या बाँडवर सोडलं. वर जुना_वकील काकांनी लिहिलंय तेच कलम ४ असणार. बाँड नीट पार पडला. आता तो सत्तावीसचा आहे, एका सरकारी महामंडळात निवड झालीय, आणि पडताळणीच्या फॉर्मवर रकाना आहे: 'कधी अटक / दोषसिद्धी झाली आहे का?' घरात दोन तट पडलेत. मामा म्हणतात, 'नाही' लिही, सात वर्षं झाली, कोण बघतंय. काय लिहावं?

---

जुना_वकील

'होय' लिहावं. मामांना माझा नमस्कार सांग, पण त्यांचं ऐकू नको.

कारण ऐक. सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा अवतार सिंग खटल्याचा निकाल आहे. त्याचा सारांश असा की खरं सांगितलं तर मालकाला प्रकरणाचं गांभीर्य, वय, नोकरीचं स्वरूप बघून निर्णय घ्यावा लागतो. तरुणपणातली किरकोळ बाब असेल तर ती दुर्लक्षित करण्याची मुभाही आहे. लपवलं आणि नंतर निघालं, की लपवणं हाच मुख्य दोष होतो. मारामारीसाठी नोकरी जाणार नाही कदाचित, पण खोट्या रकान्यासाठी जाईल. आणि पोलीस पडताळणीत हे निघतंच.

आता त्याच्या बाजूचा मुद्दा. परिविक्षा अधिनियमाचं कलम १२. कलम ३ किंवा ४ खाली सोडलेल्या माणसाला, दोषसिद्धीमुळे जी अपात्रता चिकटते ती चिकटत नाही. पण नीट समजून घे: अपात्रता जाते, घटना पुसली जात नाही. १९९० च्या बक्षी राम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय. त्यामुळे 'दोषसिद्धी झालीच नाही' असं लिहिता येणार नाही. 'झाली, कलम ४ खाली बंधपत्रावर मुक्तता, बंधपत्र अमुक तारखेला पूर्ण, कलम १२ प्रमाणे अपात्रता लागू नाही' असं लिहायचं. रकान्यात मावणार नाही, 'सोबत जोडले आहे' लिहून वेगळा कागद जोडायचा. सोबत कोर्टाच्या आदेशाची नक्कल.

तू आधी एक कर. आदेशात खरंच कलम ४ लिहिलंय का ते डोळ्यांनी वाच. बऱ्याचदा तो जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३६० चा असतो, घरचे त्याला प्रोबेशन म्हणतात, आणि मग कलम १२ चा मुद्दा सरळ लागू होत नाही.

---

नवा_गडी

मनापासून आभार काका. घरी वकिलांनी तेव्हा दिलेली झेरॉक्स आहे. पुसट झालीय पण 'सेक्शन ४' वाचता येतंय. ती जोडली तर चालेल का?

---

वसुधा_प

काकांचं उत्तर येईपर्यंत एक आगाऊ सल्ला. सगळं एका फोल्डरमध्ये ठेवायला सांग त्याला. प्लॅस्टिकच्या.

---

जुना_वकील

झेरॉक्स नको. ज्या कोर्टात केस चालली तिथल्या नक्कल विभागात अर्ज कर. केस नंबर, वर्ष, निकालाची तारीख आणि मामेभावाची सही. जुनी प्रकरणं रेकॉर्ड रूमला गेलेली असतात, त्यामुळे आठ-पंधरा दिवस धर आणि फॉर्मच्या मुदतीच्या आधी जा. शेवटच्या पानावर 'खरी नक्कल' असा गोल शिक्का आणि सही बघूनच खिडकी सोड. दोन प्रती माग. एक त्यांना जाईल, दुसरी त्याच्याकडे राहू दे, पुढच्या नोकरीत परत विचारतील.